बाबांना हॉस्पिस सुचवलंय, आणि घरात एकमत होत नाहीये

प्रश्न : माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि तो यकृतात पसरलाय. एक केमो निम्म्यात थांबवावी लागली, दुसरी त्यांना झेपलीच नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, ‘यापुढे औषधांनी फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल. हॉस्पिसच्या टीमशी बोलून घ्या.’ त्या दिवसापासून घरात धुसफूस चालू आहे. दादा म्हणतो, ‘म्हणजे बाबांना मरायला सोडायचं का?’ आई म्हणते, बाबांना यातलं काही कळता कामा नये. रात्री त्यांचं पोट आणि पाठ इतकी दुखते की ते पलंगावर पुढे वाकून बसून राहतात. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय, पण सवय लागेल म्हणून दादाने ते कपाटात ठेवून दिलंय. जेवण जवळजवळ सुटलंय आणि आई बळजबरीने भरवते. हॉस्पिसमध्ये नक्की काय करतात? आणि शेवट घरीच व्हायचा असेल तर मला ते जमेल का?
– एक मुलगी

उत्तर :

प्रिय ताई,

आधी ते कपाटातलं मॉर्फिन. बाकीचं सावकाश बोलू, पण ही गोष्ट आज रात्रीच्या आत सुटायला हवी. ज्या डॉक्टरांनी ते लिहून दिलं त्यांना आजच फोन करा, दादांना शेजारी बसवा, फोन स्पीकरवर ठेवा आणि दादांची शंका दादांनाच विचारू द्या. तुमच्या तोंडून गेलेलं उत्तर त्यांना पटणार नाही.

बाबा पुढे वाकून का बसतात ते सांगते. स्वादुपिंड पोटात अगदी मागे, पाठीच्या कण्यासमोर असतं आणि त्याच्या आसपास नसांचं दाट जाळं असतं. गाठ त्या नसांवर दाब देते, त्यांच्यात शिरते, म्हणून दुखणं पोटातून थेट पाठीत जातं. उताणं झोपलं की ते वाढतं, पुढे वाकलं की थोडं हलकं होतं. म्हणजे बाबा रात्रभर बसून स्वतःवर उपचारच करत आहेत, कारण घरात असलेला उपचार त्यांना मिळत नाहीये. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. दादांनी ते बाबांच्या काळजीपोटीच ठेवून दिलं. पण काळजी चुकीच्या जागी लागली आहे.

मॉर्फिनची भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते, शिकल्या-सवरलेल्या घरांत तर जास्तच. सवयीचं म्हणाल तर, काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर ते एकदम बंद केलं की शरीराला त्रास होतो, म्हणून बंद करायची वेळ आली तर डोस हळूहळू उतरवतात. इतर कितीतरी औषधांचं असंच असतं. व्यसन ही वेगळी गोष्ट. व्यसनी माणूस एका पदार्थापायी बाकीचं सगळं सोडत जातो. दुखणं आटोक्यात आलेला रुग्ण मात्र सोडलेल्या गोष्टींकडे परत येतो. झोपतो, पेपर मागतो, नातवंडांची चौकशी करतो. दुसरी भीती म्हणजे मॉर्फिनने माणूस लवकर जातो. लहान डोसपासून सुरू करून, दुखणं बघत बघत वाढवलेलं मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही. हा समज पसरला त्याला एक कारण आहे. बऱ्याच घरांत ते अगदी शेवटच्या दोन दिवसांतच सुरू केलं जातं, आणि मग पाहणाऱ्याला वाटतं की औषधानेच माणूस गेला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनांवर जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातली दोन तत्त्वं आजही टिकून आहेत : औषध शक्यतो तोंडाने द्यायचं आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं. दुखायला लागल्यावर देऊ, असं करायचं नाही. साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण चार तास टिकतो. दुखणं परत डोकं वर काढायच्या आत पुढची गोळी पोटात गेली पाहिजे. दोन डोसांच्या मध्येच कळ आली तर द्यायचा जास्तीचा डोस वेगळा ठरवून देतात, तो किती आणि कधी द्यायचा हे कागदावर लिहून घ्या. बाबांच्या यकृतात कॅन्सर असल्यामुळे डॉक्टर कदाचित डोस कमी ठेवतील किंवा वेळांमधलं अंतर वाढवतील, म्हणून दुसऱ्या कुणा रुग्णाच्या डोसशी तुलना करू नका आणि मनाने फेरफारही करू नका. पहिले दोन-चार दिवस गुंगी आणि मळमळ होते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू झालं पाहिजे, रोज, न चुकता. ते लिहून दिलेलं नसेल तर मागून घ्या. हाका मारूनही बाबा नीट जागे होत नसतील, श्वास फारच मंदावला असेल, अंगाला झटके येत असतील किंवा नसलेली माणसं दिसत असतील, तर लगेच कळवा. डोस बदलून किंवा औषध बदलून यावर उपाय करता येतो. आणि ते कपाटातच राहू दे. मॉर्फिन कुलपातच ठेवावं, घरात मुलं असतील तर नक्कीच. फक्त ते वेळेवर बाहेर निघालं पाहिजे.

एवढं करूनही दुखणं ऐकत नसेल तर त्या नसांच्या जाळ्यातच इंजेक्शन देऊन त्या बधिर करता येतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हा उपाय अनेकांना चांगला लागू पडतो. बाबांची ताकद आहे तोवरच त्याबद्दल विचारा.

आता दादांचा प्रश्न. बाबांना मरायला सोडायचं का?

वर जे लिहिलं, तेच हॉस्पिसचं काम आहे. दुखण्याचा इतका बारीक विचार करायला केमोच्या ओपीडीत कुणाला वेळ मिळत नाही, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष गाठीच्या मापावर असतं. हॉस्पिसमध्ये गाठीचा पाठलाग थांबतो आणि आज बाबांना काय होतंय, त्यांना काय हवंय, याकडे लक्ष वळतं. दुखणं, धाप, उलटी, खाज, झोप, भीती, चिडचिड, घरातले ताण, अर्धवट राहिलेली कामं, हे सगळं त्यात आलं. त्यासाठी डॉक्टर असतात, नर्स असतात, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते असतात, कधी फिजिओथेरपिस्ट, कधी नुसते सोबत करणारे स्वयंसेवक. औषध देऊन आयुष्य संपवणं यात कुठेच नाही. ना मृत्यू लवकर आणायचा, ना तो यंत्रांच्या जोरावर रेटत न्यायचा.

ही कल्पना आजच्या रूपात उभी केली ती डॉ. सिसली सॉन्डर्स यांनी. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात सामाजिक कार्यकर्त्या झाल्या आणि मरणपंथाला लागलेल्या माणसांच्या वेदनांकडे कुणी पाहत नाही हे बघून पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेळेवर, नियमित मॉर्फिन दिलं तर माणूस शुद्धीत आणि आरामात राहू शकतो, हे त्यांनी खाटेशेजारी बसून, नोंदी ठेवून दाखवलं. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची आणि ‘माझ्या जगण्याला काही अर्थ होता का’ या प्रश्नाचीही असते, आणि या सगळ्या एकमेकींना वाढवतात, असं त्यांचं म्हणणं. १९६९ पासून त्यांची टीम रुग्णांच्या घरीही जाऊ लागली. २००५ मध्ये त्या गेल्या, त्याच हॉस्पिसमध्ये.

दादांना कदाचित आकडे हवे असतील. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर सुरुवातीपासून वेदनाशमनाच्या टीमची सोबत. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचं मन जास्त स्थिर राहिलं, शेवटच्या काळात त्यांनी जोरकस उपचार कमी घेतले, आणि तरी ते जास्त जगले : सुमारे ११.६ महिने, पहिल्या गटातले ८.९ महिने. तो कॅन्सर वेगळा होता आणि ती टीम निदान झाल्याबरोबर जोडली होती, त्यामुळे बाबांना अमुक महिने जास्त मिळतील असं मी यावरून म्हणणार नाही. पण आराम दिला की आयुष्य कमी होतं, ही समजूत तिथे टिकली नाही.

हाच फरक तुम्हीही लक्षात ठेवा. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदनाशमनाची सेवा, ती निदानाच्या दिवसापासून, केमोच्या बरोबरीने घेता येते. हॉस्पिस हा तिचाच शेवटचा टप्पा : आजार उलटवणारे उपचार थांबलेले असतात आणि आयुष्य महिन्यांत किंवा आठवड्यांत मोजण्याची वेळ आलेली असते. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेत त्यासाठी सहा महिन्यांचा अंदाज धरतात, आणि माणूस त्याहून जास्त जगला तर तपासून मुदत वाढवतात. अंदाज चुकतातच. हॉस्पिस घेतल्यावर तब्येत सुधारली किंवा बाबांचं मन बदललं, तर त्यातून बाहेरही पडता येतं. दादांना हे जरूर सांगा. दार एकाच बाजूने उघडतं असं त्यांना वाटत असेल तर त्यांचा विरोध मी समजू शकते.

आणि सगळे उपचार बंद होतात हेही खरं नाही. गाठीने पित्ताची नळी दाबून कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, तर नळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकून पित्त मोकळं करता येतं. पोटात पाणी साठून श्वास कोंडला तर ते काढता येतं. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारतात : याने बाबांना आराम पडेल का, आणि त्यासाठी जो त्रास सोसावा लागेल तो परवडणारा आहे का?

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगते, नाहीतर पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. घरी हॉस्पिस घेतलं तरी नर्स चोवीस तास उशाशी बसत नाही. टीम ठरलेल्या दिवशी येते, तपासते, शिकवते, औषधं बदलते, अडचणीला फोनवर असते. अंग पुसणं, कुशीवर वळवणं, औषधाच्या वेळा सांभाळणं, रात्रीची जाग, हे बहुतेक घरच्यांनाच करावं लागतं. ‘मला जमेल का?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की एकटीला जमणार नाही, एकटीने करूही नका. दादांना नुसतं ‘मदत कर’ म्हणू नका, नेमकं काम द्या. उदाहरणार्थ मॉर्फिनची वही : वेळ, डोस, दुखणं दहापैकी किती. विरोध करणारा माणूस हातात काम आलं की बरेचदा शांत होतो, आणि आकडे खाली येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. जिथे हॉस्पिसची खोली किंवा वॉर्ड असतो, तिथे दुखणं अगदीच आवरत नसेल तेव्हा किंवा घरच्यांना चार दिवस पाठ टेकता यावी म्हणूनही रुग्णाला काही काळ ठेवून घेतात. ती सोय वापरण्यात कमीपणा नाही. घरी जमलं नाही म्हणून शेवट हॉस्पिसमध्ये झाला, तर तुम्ही बाबांना अंतर दिलं असा त्याचा अर्थ होत नाही.

आता आईंबद्दल. त्यांच्यासाठी हे सगळ्यात कठीण आहे, कारण जन्मभर ज्या एका गोष्टीने त्यांनी माया केली तीच आता नको म्हटली जातेय. त्यांना कुणीतरी हळुवारपणे सांगायला हवं की बाबा जेवत नाहीत म्हणून खंगत नाहीयेत. आजारामुळे शरीराला अन्न वापरताच येत नाहीये, आणि म्हणून भूक गेली आहे. या अवस्थेत जास्त खाल्ल्याने ताकद येत नाही. पोट फुगतं, उलटी होते, आणि गिळायची शक्ती कमी झाली की घास श्वासनलिकेत जातो. मागतील तेव्हा, मागतील तेवढं, आवडीचं. दोन चमचे खाल्ले तर दोन चमचे पुरे. स्वादुपिंडाच्या आजारात कधीकधी पाचक रसाच्या गोळ्यांनी अन्न थोडं सोसतं, पोटातला गुबारा कमी होतो, तेही डॉक्टरांना विचारा. पुढे पुढे बाबा पाणीही नको म्हणतील, तेव्हा ‘निदान सलाईन तरी लावा’ असा घरात आग्रह होईल. शरीर शेवटाकडे निघालेलं असताना बाहेरून भरलेलं पाणी बरेचदा पायांत, पोटात, छातीत साठतं. कोरड पडते ती तोंडाला, आणि तिच्यावर तोंडातच उपाय करायचा असतो : ओल्या मऊ कापडाने जीभ आणि हिरड्या पुसायच्या, ओठांना मलम लावायचं, गिळता येत असेल तर थेंब थेंब पाणी. हे काम आईंना द्या. भरवणारे हात त्यांना रिकामे ठेवणं शक्य होणार नाही.

बाबांपासून लपवायचं का, याबद्दल माझं मत ठाम आहे. बाबांना बरंचसं कळलेलं असणार. केमो थांबली, वजन उतरलं, मुलं दाराबाहेर कुजबुजतात, बायको डोळे पुसून आत येते. एवढं पाहून ज्याला काही समजत नाही असा माणूस विरळा. बहुतेक घरांत दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळण्यासाठी गप्प बसतात. त्यात रुग्ण सगळ्यात एकटा पडतो. त्याला भीती वाटते तीही बोलता येत नाही.

म्हणून बाबांना उठून बातमी देऊ नका, त्यांना विचारा. दुखणं थोडं शांत असेल अशा वेळी, टीव्ही बंद करून, शेजारी बसून : ‘बाबा, तुम्हाला काय वाटतंय, तब्येत कुठवर आलीये?’ आणि मग थांबा. त्यांना बोलायचं नसेल तर ते विषय बदलतील. तो त्यांचा हक्क आहे, तिथे जोर करायचा नाही, पुन्हा कधीतरी दार किलकिलं करून बघायचं. त्यांनी विचारलं, ‘मी यातून बरा होईन का?’ तर खोटं बोलू नका. ‘आजार जाईल असं डॉक्टरांना वाटत नाही, पण तुम्हाला दुखू नये यासाठी खूप काही करता येतं आणि आम्ही कुठे जाणार नाही,’ एवढं वाक्य पुरतं. तुम्हाला ते उच्चारणं शक्य होत नसेल तर हॉस्पिसच्या डॉक्टरांना बोलू द्या. हे बोलणं त्यांच्या कामाचाच भाग आहे, आणि आईंच्या मनात काय भीती आहे तेही ते आधी ऐकून घेतील.

बाबांना विचारायची घाई मी यासाठी करतेय की पुढचे निर्णय त्यांचे आहेत. त्यांना घरी राहायचंय की नाही. प्रकृती एकदम ढासळली तर पुन्हा आयसीयूत जायचंय का. कुणाला भेटायचंय, कुणाशी अबोला मिटवायचाय, कागदपत्रं कुठे आहेत. आणि सगळ्यात अवघड : हृदय थांबलं तर छाती दाबून ते चालू करण्याचा प्रयत्न करायचा का. इतक्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये शेवटच्या टप्प्यात त्या धडपडीने माणूस जवळजवळ कधीच परत येत नाही, बरगड्या मात्र मोडतात. बाबांचा निर्णय डॉक्टरांकडून त्या-त्या ठिकाणच्या नियमाप्रमाणे लेखी करून घ्या आणि घरात सगळ्यांना माहीत असू द्या. काही आठवड्यांनी बाबांना एवढं बोलायची ताकद किंवा शुद्ध नसेल, आणि मग हे सगळं तुम्ही, दादा आणि आई मिळून ठरवत बसाल, तेही एकमेकांशी भांडत. हॉस्पिसमध्ये काम करणारे सगळ्यात जास्त हळहळतात ते याचसाठी, की लोक फार उशिरा येतात.

आता शेवटचे दिवस. तुम्ही हे विचारण्याचं धाडस केलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. आधी झोप वाढते. माणूस दिवसाचे बरेच तास झोपेत असतो, जागा झाला तरी थोडा तुटल्यासारखा, वेळ-काळ चुकलेला. काहींना अस्वस्थपणा येतो, पांघरूण ओढतात, उठून कुठेतरी जायचं म्हणतात. अशा वेळी नर्सना कळवा. कधी लघवी तुंबलेली असते, कधी पोट साफ नसतं, आणि तेवढं केलं की माणूस निवांत होतो. कारण सापडलं नाही तरी शांत करणारी औषधं असतात. गिळता येईनासं झालं की औषधं जिभेखाली, चिकटपट्टीतून किंवा कातडीखाली बारीक सुई ठेवून छोट्या पंपाने देतात. म्हणून तोंडाने औषध जात नाही या कारणासाठी मॉर्फिन थांबवायचं नसतं. धाप लागली तर डोकं उंच करा, खिडकी उघडा, छोटा पंखा चेहऱ्यावर धरा. हे साधं वाटतं, पण चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धापेची जाणीव खरोखर कमी होते. मॉर्फिनचा छोटा डोसही इथे उपयोगी पडतो.

मग लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर निळसर चट्टे उमटतात. श्वासाची लय मोडते : काही खोल श्वास, मग मोठी थांबणूक, मग पुन्हा श्वास. आणि घरघर लागते. ऐकणाऱ्याचं काळीज हलतं असा तो आवाज असतो, पण तो घशात साठलेल्या स्रावाचा असतो, आणि त्या ग्लानीत रुग्णाला बहुधा त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं की तो बरेचदा कमी होतो. नळी खोल घालून स्राव ओढायला लावू नका, त्याने दुखापत होते आणि स्राव पुन्हा साठतो. बोलणं थांबवू नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या लहरी तपासल्या. २०२० साली त्यांनी दाखवलं की काहींचा मेंदू शेवटच्या तासांतही आवाजांना निरोगी माणसांसारखा प्रतिसाद देत होता. शब्द समजतात की नाही हे त्यातून सांगता येत नाही. तरी जवळ बसून बोलायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि त्यांच्यासमोर भांडायचं नाही याचंही.

प्रत्यक्ष क्षणी अँब्युलन्सला फोन करण्याची उबळ येईल. बाबांनी घरीच राहायचं ठरवलं असेल तर तो फोन हॉस्पिसच्या नंबरवर गेला पाहिजे, कारण आलेली अँब्युलन्स छाती दाबायला सुरुवात करते. तो नंबर पलंगाशेजारी मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. शेवटी काय करायचं, मृत्यूची नोंद कोण करणार, उरलेलं मॉर्फिन कुठे परत द्यायचं, हेही टीम आधीच समजावून सांगते. ते ऐकताना कसंतरी होईल, पण ऐकून ठेवा.

त्यानंतर अनेक हॉस्पिस घरच्यांच्या संपर्कात राहतात, काही तर वर्षभर. दादांना या सोबतीची गरज कदाचित तुमच्यापेक्षा जास्त लागेल. जो आधी जोरात विरोध करतो, त्याच्यावर नंतर ‘मी अजून काही करायला हवं होतं’ हे ओझं फार जड बसतं.

तर या आठवड्यात हॉस्पिसच्या टीमची भेट ठरवा. भेटायचं म्हणजे बांधून घ्यायचं असं नाही, दादांना एवढंच सांगून बरोबर न्या. तिथे विचारा : रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलतं, आणि गरज पडली तर किती वेळात कुणी घरी येतं? अचानक दुखणं, उलटी किंवा धाप वाढली तर लागणारी औषधं घरात आधीच ठेवता येतात का, आणि ती आम्हाला द्यायला शिकवाल का? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी मिळेल का? घरी जमलं नाही तर खाट कुठे मिळेल? आणि बाबांशी पहिलं बोलणं कोण करेल, केव्हा? उत्तरं गुळमुळीत वाटली तर दुसरी टीम शोधा. दादांच्या मनात त्यानंतरही प्रश्न उरले तर त्यांना स्वतःला मला लिहायला सांगा, मी त्यांनाही उत्तर देईन.